भामरागडच्या पलीकडं मशीन नेताना: रस्त्याची कामं आणि आमचा माल

भामरागडच्या पुढं माल न्यायचा असला तर रस्त्याचं काम कुठं चालू आहे एवढं विचारून भागत नाही, कुठं सुरू होणार आहे तेही आधी काढावं लागतं. चालू असलेलं काम निदान दिसतं, ड्रायव्हर लोक एकमेकांना फोन करून सांगतात की अमुक नाल्यावर खोदलंय, गाडी आणू नको. पण दोन महिन्यांनी जे काम निघणार आहे ते माल भरणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि माल बरोबर त्यातच अडकतो. आम्ही बचत गटासाठी धान भरडायचा हलर, पिठाची चक्की आणि डिझेल इंजिन नागपूरहून लाहेरीच्या बाजूच्या एका गावात नेलं, त्याचा हा अनुभव. जरा लांबलाय, पण आतल्या भागात सोलर पंप, शाळेचं फर्निचर, घरकुलाचं सिमेंट असं काहीही न्यायचं असलं तरी हेच सगळं करावं लागतं म्हणून पूर्ण लिहिते.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी रस्ता सांगते. नागपूरहून गडचिरोली, मग चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. चंद्रपूरहून आलात तर गोंडपिपरीवरून आष्टीला लागता. आलापल्लीपर्यंत मोठे ट्रक येतात जातात, तिथं ट्रान्सपोर्टवाले आहेत, गोडाऊन आहेत. तिथून भामरागड साधारण ६५ किलोमीटर, पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत पूर्ण जंगलातून. हेमलकसा आणि भामरागडच्या मधे पर्लकोटा नदी, तिचा जुना पूल ठेंगणा, पावसाळ्यात पाणी वर चढलं की भामरागड तुटतं. गाव बसलंयच तीन नद्यांच्या संगमावर, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती, त्यामुळं एक नदी चढली की दुसरीचं पाणीही मागं फुगतं. २०१९ च्या पावसाळ्यात तर एकदा रस्ता मोकळा झाला की पुन्हा बंद असं कितीतरी वेळा झालं होतं. कागदावर आलापल्ली-भामरागड हा राष्ट्रीय महामार्ग १३०डी आहे, पुढं लाहेरीवरून छत्तीसगडात नारायणपूर, कोंडागावला जाणारा.

आता हलर कशाला हवा तर आमच्या गावातल्या बाया धान डोक्यावर नाहीतर सायकलवर घेऊन भामरागडला भरडायला जायच्या. पावसाळ्यात मधले नाले भरले की तेही बंद, मग घरी उखळात कांडा. म्हणून गटानं ठरवलं की मशीन गावातच आणायची. थ्री फेज लाईन नाही म्हणून डिझेल इंजिन. इंजिनच तीनशे किलोच्या आसपास, त्यात हलर, चक्कीचे दगड, फाउंडेशनला सिमेंटच्या गोण्या, शेडसाठी बारा फुटी पत्रे. सगळं मिळून तीन टनाच्या आत बाहेर. नागपूरच्या हिशेबानं हे काहीच नाही, एका ४०७ म्हणजे छोट्या ट्रकमधे जरा दाबून बसेल एवढा माल. पण नागपूरचा ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "ताई आपली लाईन आलापल्लीपर्यंतच, पुढचं तुम्ही तुमचं बघा." तिथून खरी गोष्ट सुरू झाली.

आलापल्लीच्या पुढं भाडं किलोवर नसतं, ट्रिपवर असतं. गाडी अर्धी भरा की पूर्ण, जाण्यायेण्याचं डिझेल आणि ड्रायव्हरचा दिवस तेवढाच लागतो, आणि वापसीला काही मिळत नसेल तर परतीचे पैसेही तुमच्याकडूनच घेणार. हे आम्हाला माहीत होतं. पण त्या वर्षी गाडीच मिळेना. पिकअपवाले, ट्रॅक्टरवाले सगळे रस्त्याच्या कामावर लागलेले. गिट्टी, मुरूम, रेती, पाण्याचे टँकर, मजुरांचं राशन, सगळं वाहायला ठेकेदाराला गाड्या लागतात आणि तो महिन्याच्या हिशेबानं गाडी लावून घेतो, डिझेल त्याचं. गाडीवाल्यासाठी ते चांगलंच आहे, त्याला मी दोष देत नाही, घरी हप्ता भरायचा असतो. पण रस्त्याचं काम आलं की पहिला परिणाम डायव्हर्शनच्या आधीच असा होतो, गावाच्या मालाला वाहन उरत नाही आणि जे उरतं ते दीडपट भाडं मागतं. हे कुठल्याच प्रकल्पाच्या कागदात लिहिलेलं नसतं. मीठ, तेल, कांदे, युरिया, शाळेची पुस्तकं, सगळ्यांवर हा भार पडतो आणि तो शेवटच्या गावावर सगळ्यात जास्त.

एका पिकअपवाल्या दादानं मात्र कामाचं सांगितलं. म्हणाला, "ताई, होळी झाली का मोऱ्या फोडनार आहेत म्हंते, तुम्ही आदीच आना जी." मोऱ्या म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी काढायला केलेली बांधकामं. पण कोणत्या, किती, कधी, हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. मग मी ते शोधायला लागले आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पहिलं म्हणजे टेंडर. सरकारी कामांची निविदा महाटेंडरच्या साईटवर असते, तालुक्याचं किंवा रस्त्याचं नाव टाकून शोधलं तर बरंच सापडतं, साखळी क्रमांक म्हणजे कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, कामाची मुदत किती महिने, किती मोऱ्या, किती छोटे पूल. त्यावरून काम कुठं आहे ते कळतं पण कधी ते कळत नाही. कधी हे कार्यारंभ आदेशावर ठरतं, शिवाय जंगलातला रस्ता रुंद करायचा तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते, ती येईपर्यंत टेंडर होऊनही काम अडून राहतं आणि आली की एकदम सुरू होतं. म्हणून कार्यालयात जाऊनच विचारावं लागतं. मी गेले, दोन ठिकाणी पाठवलं मला, शेवटी एका तरुण इंजिनियर साहेबांनी नकाशा काढून नीट समजावलं. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं की माल नेणारं कोणी येऊन विचारतंय.

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. इकडं कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. नाल्याचं पाणी उतरलं की फाउंडेशन घेता येतं. मोरी किंवा छोटा पूल बांधायचा तर जुना तोडायचा, बाजूनं नाल्यात सिमेंटचे पाईप टाकून वर मुरूम भरून वळणरस्ता काढायचा, आणि नवीन स्लॅब होईपर्यंत गाड्या त्यावरून. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, त्याच्या आधी शटरिंग, सळई, भिंती, नंतर दोन्ही बाजूचा भराव. म्हणजे डिसेंबरात तोडलेली मोरी मे पर्यंत आरामात होते. पण काम मार्चमधे निघालं आणि ठेकेदारानं सगळ्या मोऱ्या एकाच वेळी फोडल्या तर जून येतो तेव्हा जुनं गेलेलं असतं, नवीन झालेलं नसतं, आणि सगळा तालुका मुरमाच्या त्या वळणरस्त्यावर लटकलेला असतो. पहिल्या मोठ्या पुरात पाईप उघडे पडतात, मुरूम वाहून जातो, झालं. गेल्या काही पावसाळ्यांत आलापल्ली-भामरागड रस्त्यावर लोकांनी हे भोगलंय. पूर्वी पर्लकोटा चढली तर भामरागड तुटायचं, आता मधल्या एखाद्या साध्या नाल्यानंही तुटतं, तेही नदीला पूर नसताना.

मला इथं स्पष्ट बोलायचंय. रस्ता नको असं आमच्यात कोणीच म्हणत नाही. पुलाची वाट इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली. एक काळ असा होता की कामावरची यंत्रं आणि गाड्या जाळल्या जायच्या, मे २०१९ मधे कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्याचं सगळ्यांना आठवत असेल, त्यामुळं काम घ्यायलाच कोणी पुढं यायचं नाही. आज कामं होतायत ही मोठी गोष्ट आहे. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्ता झाला, अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली तेव्हा मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले. पण जी मोरी ३१ मे पर्यंत पूर्ण होणार नाही ती मार्चमधे तोडायचीच कशाला? दोन तोडा, दोन पुढच्या वर्षी ठेवा. एवढा एक नियम पाळला तरी पावसाळ्यातली अर्धी उपासमार वाचेल.

साहेबांनी होळीनंतर कोणत्या टप्प्यात काम निघणार ते सांगितलं, लिहून मात्र देता येणार नाही म्हणाले. होळीच्या आधी माल आणायचं जमत नव्हतं कारण गटाच्या कर्जाचा हप्ता बँकेतून यायचा होता. मग उरला मे. मे महिना इकडं काय असतो ते सांगते. तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आलेला, पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना हक्क देणारा कायदा, त्याखाली ग्रामसभा स्वतः लिलाव करतात त्यामुळं गावोगावी फळी म्हणजे पानं गोळा करायची केंद्रं लागलेली, बोरे (पानांची पोती) भरून न्यायला ट्रक येतात. त्याच वेळी राशनचं धान्य, कारण पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना नवसंजीवनी योजनेत जून ते सप्टेंबर असं चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवतात. म्हणजे शासनालाही माहीत आहेच की ही गावं चार महिने बंद पडतात. त्याच वेळी घरकुलवाल्यांचं सिमेंट, किराणा दुकानदारांचा पावसाळ्याचा साठा, खत बियाणं, आणि ठेकेदाराची स्लॅब टाकायची घाई. सगळं एकाच एकेरी वळणरस्त्यावरून. हमालसुद्धा मिळत नाहीत.

पण त्याच मे मधे आमची सोयही होती. तेंदूचे ट्रक येताना रिकामे येतात, फार तर बारदाना असतो. वापसीचं भाडं त्याला मिळालेलंच असतं, म्हणून येताना तुमचा माल तो कमी पैशात आणतो. गटातल्या एका ताईच्या भावाची फळीवर मुन्शीशी ओळख होती, त्यानं बोलणं करून दिलं. आलापल्लीला नागपूरचा माल उतरवून घ्यायचा, तेंदूच्या ट्रकमधे चढवायचा, भामरागडपर्यंत. पुढं ट्रॅक्टर.

कागदाचं आधीच नीट करून घ्या. मालाची किंमत लाखाच्या वर असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही ई-वे बिल म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद लागतो, आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. नागपूर ते आमचं गाव चारशेच्या आत, म्हणजे दोन दिवस. कागदावर पुरेसे वाटतात, पण आलापल्लीला माल एक रात्र थांबला आणि पुढं वळणरस्ता बंद मिळाला की मुदत गेलीच. डीलर आलापल्लीचं बिल काढून मोकळा होणार होता, आम्ही त्याला गावाचाच पत्ता टाकायला लावला, आणि गाडी बदलली की त्या ई-वे बिलाच्या पार्ट बी मधे नवीन गाडीचा नंबर टाकायचा हे त्याच्या पोराकडून फोनवर करून घेतलं. मुदत वाढवता येते, संपायच्या आठ तास आधीपासून ते संपल्यावर आठ तासांपर्यंत, पण त्यासाठी रेंज पाहिजे आणि ताडगावच्या जंगलात रेंजचा भरवसा नाही. म्हणून पुढचा नंबर टाकणारा माणूस नागपुरातच ठेवा.

दुसरं, मशीन सुटी करून आणा. चार माणसं उचलतील एवढेच तुकडे. आम्ही डीलरकडं हट्ट धरून इंजिनचं फ्लायव्हील काढून घेतलं, चक्कीचे दगड वेगळ्या खोक्यात, हलरचं हॉपर वेगळं, नटबोल्ट पिशव्यांत घालून प्रत्येकावर चिठ्ठी. तो वैतागला होता, म्हणाला फिटिंग करून देतो तुम्ही फक्त बेल्ट चढवा. पण क्रेन काय, साधी चेन पुली पण पुढं मिळणार नाही हे त्याला कसं कळणार.

आणि झालं तसंच. आम्ही निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी अवकाळी पडला. पेरमिलीच्या पुढं एका नाल्यावर वळणरस्त्याचा मुरूम लोण्यासारखा झालेला, दोन्ही बाजूला गाड्यांची रांग, एसटी, राशनचा ट्रक, एक ॲम्ब्युलन्स पण. साईटवरचा सुपरवायझर रिकाम्या गाड्या सोडत होता, भरलेल्या नाही. "भरी गाडी फसली तर दोन दिवस कोणीच जाणार नाही ताई," म्हणाला, आणि ते खरंच होतं. बोर्ड कुठंच नाही की यावर किती टन चालेल. आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे, काम चालू असलेल्या रस्त्यावर फलक, इशारे, वळणरस्ता कसा असावा याचंच आहे ते, पण त्यातलं त्या नाल्यावर एक लाल फडकं आणि दोन ड्रम एवढंच पोचलं होतं. आमच्या ड्रायव्हर काकांना स्वतःच्या गाडीचं पासिंग माहीत, दहा चाकी, एकूण साडेअठ्ठावीस टनाची. मी त्यांना म्हटलं, काका आपला माल तीनच टन आहे, गाडी जवळपास रिकामीच आहे. सुपरवायझर वर चढून बघून आला. तरी त्यानं सिमेंट आणि इंजिन उतरवायला सांगितलं. कामावरच्या ट्रॅक्टरनं ते पलीकडं नेलं, त्याच्याच मजुरांनी हात लावला, पैसे घेतले नाहीत, फक्त चहा. मशीन सुटी नसती तर तिथंच बसलो असतो. ॲम्ब्युलन्सला सगळ्यांत आधी काढलं हे सांगायला हवं.

पर्लकोटा आम्ही सकाळी लवकर ओलांडली. बाजूला नवीन उंच पुलाचं काम, त्याच्या जोडरस्त्याच्या भरावाची यंत्रं दिवस चढला की फिरायला लागतात आणि जुन्या पुलावर समोरासमोर गाड्या आल्या की तासभर हलत नाहीत. हे हेमलकशाच्या दुकानदारानं सांगितलं होतं, तो म्हणाला सहाच्या आत काढा. भामरागडला माल ट्रॅक्टरवर. लाहेरीच्या रस्त्यावर मे मधे नाले कोरडे, तिथं त्रास झाला नाही, फक्त पत्रे ट्रॉलीच्या बाहेर लोंबत होते म्हणून मागं दोन पोरं धरून बसली. गावात जोहार झाला, आणि इंजिन बांबूला बांधून शेडपर्यंत बायांनी आणि पुरुषांनी मिळून नेलं. फिटिंगला मेकॅनिक त्याच ट्रकमधे बसवून आणला होता, कारण मागून तो आलाच नसता.

पावसाळ्याची तयारी पण त्याच खेपेत केली. दोन जादा बेल्ट, हलरच्या जाळ्या, इंजिनचा नोझल, ऑईल, डिझेलचे कॅन. जुलैमधे मधला वळणरस्ता गेलाच. एसटी बंद, किराणा बंद, लोक पाण्यातून चालत नाहीतर डोंग्यातून अलीकडं पलीकडं. मिठाचा आणि तेलाचा भाव आठवड्यात वाढला. आमचा हलर चालू राहिला कारण सामान आधीच आत होतं. आजूबाजूच्या गावच्या बाया धान घेऊन आमच्याकडं यायला लागल्या, गटाचा कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही गेला.

लोक मला म्हणतात की वडसा-गडचिरोली ५२ किलोमीटरची रेल्वे होतेय, सुरजागडकडं खनिजासाठी वेगळा रस्ता येतोय, मग सगळं सोपं होईल. होईल तेव्हा चांगलंच आहे, लोहखनिजाचे ट्रक साध्या रस्त्यावरून कमी झाले तर आष्टी-आलापल्लीचं डांबर तरी टिकेल. पण ही सगळी कामं होईपर्यंतची वर्षं आहेत ना, त्यात गिट्टी वाहणाऱ्या गाड्या अजून वाढणार, आणि आलापल्लीच्या पुढचे ६५ किलोमीटर आहे तिथंच राहणार. म्हणून आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला. प्रत्येक वळणरस्त्यावर किती वजन चालेल त्याचा मराठी आणि इथल्या आदिवासींच्या माडिया भाषेत बोर्ड लावा. मोरी तोडायच्या आधी पंधरा दिवस ग्रामपंचायतीला आणि आलापल्लीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना कळवा. पावसाळ्यात काम थांबलं तरी वळणरस्ता दुरुस्त करायला एक जेसीबी आणि मुरमाचा ढीग ठेकेदारानं तिथंच ठेवावा. ठरावाची प्रत पंचायत समितीला, तहसीलला आणि रस्त्याच्या कार्यालयाला दिली, पोच घेतली.

बोर्ड अजून लागले नाहीत. पण त्या इंजिनियर साहेबांनी यंदा स्वतः फोन करून सांगितलं की पुढच्या दोन मोऱ्या फेब्रुवारीत घेणार आहेत. गटाला आता मोहाच्या बियांचं तेल काढायचा घाणा आणायचाय, तो संक्रांत झाली की लगेच उचलायचा ठरलाय, ट्रॅक्टरवाल्याला आगाऊ पैसे देऊन ठेवलेत आणि डीलरला सांगितलंय, मशीन सुटीच पाहिजे.